इतर रहिवाशांचं मत

मला जगभरातल्या तुरुंगांची माहिती आहे. अर्थात बसल्या जागची. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर माणसाला काही ना काही नाद लागतोच. कुणी कुंडीत वड वाढवतं, कुणाला साखर आणि रक्तदाब यांच्याखेरीज विषय उरत नाही. मी देशोदेशीच्या शिक्षा गोळा करायला लागलो. कुठल्या देशात खुन्याला किती वर्षं ठेवतात, कधी सोडतात, सोडायचं कोण ठरवतं, हे मी सकाळच्या चहाबरोबर वाचायचो आणि दुपारच्या चहापर्यंत बायकोला ऐकवायचो. नॉर्वेत कैद्याच्या खोलीला पडदेसुद्धा असतात, असं मी एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं. "आपल्याही खोलीला आहेत," ती म्हणाली, "दिवाळीपासून धुवायचे राहिलेत, तेवढं बघा."

घरात कदर होत नसली की माणूस व्याख्याता होतो. नाशिकला सातपूरमध्ये आमच्या कॉलनीच्या बागेला लागून ज्येष्ठ नागरिकांचं पत्र्याचं सभागृह आहे. मागेच औद्योगिक वसाहत, त्यामुळे शिफ्ट सुटली की मोटारसायकलींच्या आवाजात वक्त्याला थांबावं लागतं आणि श्रोत्यांना जाग येते. तिथे मी तासभर बोललो. विषय भारदस्त होता: धोकादायक गुन्हेगारांचं करायचं काय? जर्मनीत जन्मठेपेच्या कैद्याचा पंधरा वर्षांनंतर फेरविचार होतो, हे सांगितलं. नॉर्वेत साधी शिक्षा सहसा एकवीस वर्षांच्या पुढे जात नाही, पण माणूस अजून धोकादायक आहे असं दिसलं तर कोर्ट मुदत वाढवू शकतं, आणि दर वेळी ते नव्यानं पटवून द्यावं लागतं, हेही सांगितलं. इंग्लंडात काही मोजक्यांना न्यायाधीश तोंडावर सांगून टाकतात, की तू आता मरेपर्यंत आत. अमेरिकेत शिक्षांची बेरीज करून दोन-दोनशे वर्षं ठोठावतात, जणू समोर माणूस नाही, कासव उभं आहे. आपल्याकडे जन्मठेप कायद्यानं आयुष्यभराची. सरकारला सूट देता येते, पण खुनासाठी असेल तर चौदा वर्षं आत काढल्याशिवाय नाही.

एवढं झाल्यावर बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी उभे राहिले. "पण सर, दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात ना? म्हणजे चौदाची सातच झाली." मी म्हटलं, असं काही नसतं. "नसतं कसं? माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत वकील आहे." सभागृहानं माना डोलावल्या. माझ्या तासाभराच्या अभ्यासावर त्यांच्या मेव्हण्यानं दोन वाक्यांत पाणी फिरवलं. तरी मी हिंमत न हरता आवाज जड केला आणि शेवट केला, की ज्या समाजाला दुसरी संधी देता येत नाही तो समाज स्वतःच कैदेत असतो. हे वाक्य मी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलेलं होतं. टाळ्या पडल्या. शाल, नारळ आणि द्राक्षांची एक पेटी मिळाली, आणि घरी जाताना मी नेहमीपेक्षा हळू चालायचं ठरवलं, म्हणजे लोकांना गाठता यावं.

गाठलं ते चौथ्या घरातल्या ताईंनी. ताई वसाहतीतल्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइल गुंडाळायच्या कामावर होत्या. नवरा नाही, मुलगी वणीला दिलेली. स्वभावानं फटकळ. पाण्याच्या पाळीवरून किंवा दारासमोर लावलेल्या गाडीवरून त्यांनी आवाज चढवला की समोरचा माणूस ताबडतोब माघार घ्यायचा, आणि त्याचं कारण ताईंचा आवाज नव्हता. कारण त्यांचा भाऊ होता. वीसेक वर्षांपूर्वी, ही मंडळी पलीकडच्या चाळीत राहत होती तेव्हा, दाराशी लावलेल्या मोटारसायकलवरून त्याचं शेजाऱ्याशी भांडण झालं आणि त्यानं लोखंडी पहारीनं शेजारी आणि शेजाऱ्याचा तरणाताठा मुलगा, दोघांना मारून टाकलं. जन्मठेप झाली. आत गेल्यावरही सुरुवातीच्या वर्षांत त्यानं एका कैद्याचा जबडा मोडला. हे सगळं कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं आणि ताईंसमोर कुणालाच माहीत नव्हतं.

"सर, लय चांगलं बोलले तुम्ही," ताई म्हणाल्या. "ते दुसरी संधी म्हणाले ना, ते तर लयच."

मी नम्रपणे द्राक्षांची पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"माझ्या भावानं फर्लोचा अर्ज केलाय," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच. माझ्याकडंच राहील. पोलीस गल्लीत विचारायला येणार हायेत. तुम्ही हाय म्हणून मला घोर नाय."

फर्लो म्हणजे लांबलचक शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला घरी जाण्यासाठी मिळणारी थोड्या दिवसांची सुट्टी. ती मंजूर करण्याआधी तो जिथे राहणार तिथल्या पोलिसांकडून अहवाल मागवतात, आणि पोलीस आजूबाजूला चौकशी करतात. यावर मला वीस मिनिटं सहज बोलता आलं असतं. पण तिथे, बागेच्या फाटकाशी उभं असताना, माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली. या माणसानं मारलं होतं ते शेजाऱ्यांना, आणि आता शेजारी आम्ही होतो.

"हो हो, अवश्य," मी म्हणालो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं द्राक्षं धुऊन ताटात घातली आणि म्हणाली, "आलं का नॉर्वे दारात?"

पुढचे काही दिवस मी घरात अस्वस्थ फेऱ्या मारल्या. हरकत आहे म्हणावं तर व्याख्यान आडवं येत होतं. हरकत नाही म्हणावं तर पहार. मग एका दुपारी मला एक वाक्य सुचलं, आणि ते सुचल्याचा मला इतका आनंद झाला की मी बायकोला झोपेतून उठवलं. वाक्य असं: 'याबाबत कॉलनीतील इतर रहिवाशांचे जे मत असेल, तेच माझेही मत समजावे.' यात ताईंना नकार नव्हता, पोलिसांना होकार नव्हता, लोकशाही होती, विनय होता, आणि मी कुठेच नव्हतो. बायको म्हणाली, "छान आहे. आता झोपू का?"

हवालदार आले ते आधी माझ्याकडेच. विद्वान माणसापासून सुरुवात करावी, अशी त्यांची समजूत असावी. त्यांनी चहा घेतला, मी वाक्य दिलं, त्यांनी ते दोनदा विचारून लिहून घेतलं. ते गेल्याबरोबर बँकवाले शेजारी धापा टाकत आले. "सर, तुम्ही काय सांगितलंत?" मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो माझ्या व्याख्यानात एकदाही उमटला नव्हता. "वा! वा! एकदा परत सांगा बरं." मी परत सांगितलं. मला काय माहीत, की ते ऐकता ऐकता मोबाईलवर टिपून घेतायत! हवालदार दोन नंबरच्या घरात पोहोचायच्या आत वाक्य ताईंना वगळून केलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं होतं, खाली हात जोडलेली चित्रं घालून.

त्या दुपारी आमच्या गल्लीत सर्व घरांनी एकच मत दिलं, की इतरांचं जे मत तेच आमचं. पाचव्या-सहाव्या घरापर्यंत हवालदार रडकुंडीला आले. रस्त्यात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "अहो, पण हे इतर राहतात कुठं? सगळेच इतर?" मी खिडकीतून ऐकलं आणि हसलोसुद्धा. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही वर्गानं माझं एक वाक्य इतकं तोंडपाठ केलं नव्हतं.

अर्ज नामंजूर झाला. स्थानिक रहिवाशांची संमती दिसून आली नाही, असं काहीतरी कारण कळवलं गेलं. आता ताई गल्ली डोक्यावर घेणार, म्हणून सगळ्यांनी दोन दिवस गाड्या नीट लावल्या. ताई काहीच बोलल्या नाहीत. कामावर जात होत्या, येत होत्या, दार लावून घेत होत्या. त्यांचं ते गप्प बसणं मला फार लागलं. मी गल्लीवर चिडलो. बायकोपुढे तोफ डागली, की ही माणसं भित्री आहेत, ढोंगी आहेत, साधं एक मत स्वतःचं देता येत नाही. बायको भाजी निवडत होती. "वाक्य कुणाचं होतं?" एवढंच तिनं विचारलं. पटकन उठून मी पडदे काढले आणि धुवायला टाकले.

महिनाभरानं ताई घरी आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"सर, तो आता मुलाखतीला येत नाय," त्या म्हणाल्या. जेलमधल्या भेटीला तिथे मुलाखत म्हणतात. "मी दोनदा जाऊन आले. आतून निरोप येतो, भेटायचं नाय. त्याच्या आधी एकदा भेटला तेव्हा एकच विचारत होता, कोण नको म्हणालं? मी म्हटलं, कुणी नाय. तो म्हणतो, कुणी नको म्हणालं नाय तर मंग मला सोडलं का नाय? तू खोटं बोलते. तूच नको म्हणाली असशील."

मी घसा साफ केला.

"मी सगळ्यांना विचारलं," ताई म्हणाल्या. "कुणीच नको म्हणालेलं नाय. बँकवाल्या काकांनी तर मला लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यात नको नायच. आई गेल्यापासून त्याला माझ्याशिवाय कुणी नाय, सर. माझ्यावरनं त्याचा भरोसा उठला तर तो आतल्या आत खलास होईल. त्याला कुणाचं तरी नाव पायजे."

"तुम्हाला..." मी विचारलं, आणि विचारता विचारताच आपण हे का विचारतोय असं झालं, "तुम्हाला तो घरी यायला हवा होता ना?"

"भीती मलाबी वाटते त्याची," त्या म्हणाल्या. "ती पहार आमच्याच घरातली होती. मी हात धरला होता त्याचा. त्यानं मला असं झटकलं, की जणू मी कुणीच नाय. तरी भाऊ हाय."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही चला आणि सांगा, मी नको म्हणालो. तुम्ही मोठे हाय. तुमचं ऐकून घेईल."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. त्या विनवत होत्या. त्या रात्री मी वाचलेले सगळे देश पुन्हा आठवून पाहिले. कडक असो की मवाळ, कुठेतरी कुणीतरी आपल्या नावानिशी म्हणतं, की या माणसाला अजून आत ठेवा, मला असं असं वाटतं म्हणून. इंग्लंडचा न्यायाधीश ते एकदाच म्हणतो, नॉर्वेतल्या न्यायाधीशांना पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं. आम्ही सातपूरवाल्यांनी मात्र एका माणसाचं दार चहा पिता पिता बंद ठेवलं होतं, आणि ते कुणीच लावलेलं नव्हतं. शरम वाटली. भीती तर होतीच, तिच्यावर ही आणखी.

सकाळच्या शिफ्टची सुट्टी घेऊन ताई, आणि आधार कार्ड घेऊन मी, असे नाशिकरोडच्या जेलला गेलो. बसमध्ये मी काय बोलायचं ते मनात मांडत होतो. सुरुवात दंडनीतीच्या उगमापासून होती. द्वारका चौक येईपर्यंत मी जर्मनीपर्यंत पोहोचलो होतो. ताईंनी आत निरोप पाठवला, की ज्यांनी नको म्हटलं ते स्वतः आलेत. बहुधा त्यामुळेच तो आला.

मध्ये जाड काच. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते, बोलायला फोनचा रिसीव्हर. दोन्हीकडे माणसांची दाटी आणि सगळे एकदम बोलत होते. मी मनात जो माणूस घेऊन आलो होतो तो धिप्पाड होता. काचेपलीकडे बसला तो पन्नाशीचा, वाळका, पांढऱ्या केसांचा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला. फक्त हात मोठे होते. मी हातांकडेच बघत रिसीव्हर उचलला.

"तुम्ही नको म्हणाले?"

"म्हणजे, तसं नको असं नाही," मी म्हणालो. "मी असं म्हणालो, की याबाबत कॉलनीतील इतर रहिवाशांचे जे मत असेल, तेच माझेही मत समजावे."

त्यानं नीट ऐकून घेतलं. कपाळाला आठ्या घालून त्यावर विचार केला. "म्हंजे काय?"

जर्मनी गेली, नॉर्वे गेलं. "म्हणजे नको," मी म्हणालो.

"का?"

"मला तुमची भीती वाटते."

तो हलला नाही. "अजून?"

"अजून."

त्याचा हात काचेवर आपटणार असं मला वाटलं आणि मी मागे सरकलो. काच चांगली बोटभर जाड होती, तरी सरकलो. त्यानं ते बघितलं. मग ताईंकडे मान वळवून तो मला म्हणाला, "तिला विचारा. तिलाबी वाटते का?"

रिसीव्हर एकच होता, ताईंना त्याचं काही ऐकू आलेलं नव्हतं. मी त्यांना तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. इतका वाईट निरोप मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. ताईंनी काचेकडे बघत हळूच मान डोलावली. हो.

त्यानं मान खाली घातली. त्याच्या शेजारचा कैदी कुणाच्या तरी बाळाला काचेतून वेडावून दाखवत होता. मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "मंग मी कधी सुटलोच तर जायचं कुठं?"

हेही मी ताईंना सांगायला वळलो, पण त्यांनी ऐकण्याआधीच माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. गल्लीत गाडीवरून भांडतात त्याच आवाजात ओरडल्या, "कुठं म्हंजे? घरी! घर तुझंच हाय. भीतीचं माझं मी बघून घेईन. तू परत अर्ज कर, आणि मुलाखतीला यायचं, ऐकलं का? नाटकं नाय करायची!"

तो रडत होता की काय ते चष्म्यामुळे कळेना. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आता इथे इतर रहिवासी कुणी नव्हते. मी ताईंकडून रिसीव्हर घेतला, तोंडाशी धरला, आणि बोलायला लागणार तोच वेळ संपली. लाईन बंद झाली. एवढी तयारी करून बोलायला आलेला माणूस, आणि त्याच्या हातात मुका फोन.

मी उठलो आणि काचेला तोंड लावून ओरडलो, "माझी हरकत नाही!"

त्यानं कानामागे हात धरला. ऐकू येत नव्हतं.

"भीती वाटते!" मी आणखी जोरात ओरडलो. "पण माझी हरकत नाही! मी सांगेन त्यांना! मी!"

आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या. लहान मुलं माझ्याकडे बघायला लागली. पहाऱ्यावरचा शिपाई लगबगीनं येऊन म्हणाला, "ओ काका, ओरडू नका, चला, निघा आता." पलीकडे त्यालाही उठवत होते. उठता उठता तो काहीतरी बोलला. नुसते ओठ हलले.

"काय म्हणाला?" मी ताईंना विचारलं. इतकी वर्षं त्या काचेतून बघून बघून त्यांना ते कळत होतं.

"खरं का, असं विचारतोय."

मी त्याच्याकडे बघून मान डोलावली. या वेळी मी काचेपासून मागे सरकलो नाही.